झाड तोडावे की शिवावे?

एका माळकरी माउलीने विचारलेली शंका वाचकांपुढे ठेवतो. ऐकायला ती अगदी घरगुती आहे. पण तिच्या पोटात प्रपंच आणि परमार्थ यांचे जुने भांडण आहे. भांडण म्हटले की दोन्ही बाजू ऐकल्या पाहिजेत. म्हणून तिला ‘नाम घ्या, सगळे ठीक होईल’ एवढे सांगून वाटेला लावणे बरे वाटले नाही.

माउली देशावरची, साठी ओलांडलेली. आळंदीची कार्तिकी वारी चुकवत नाही, घरी ज्ञानेश्वरीच्या ओव्या नेमाने वाचते. तिने घरातल्या चिंध्या जमवून एक वाकळ शिवायला घेतली आहे. नेहमीचे चौकोन आणि पट्ट्या न लावता तिने वाकळेवर एक झाड उभे केले आहे, पिंपळाचे. तिचे म्हणणे असे: “महाराज, पंधराव्या अध्यायात देव सांगत्यात, झाड तोडा. आन् मी बसलीय झाड शिवत. चार महिनं झालं. तेवढ्या येळात किती माळा झाल्या असत्या! त्यात गेलेल्या माणसांची कापडं हायेत. गावातल्या एका जाणत्यानं सांगितलं, बाई, ही मोहाची वाकळ हाय, जाळून टाक. काय करू?”

जाळून टाक! चार महिन्यांचे काम आणि थंडीचे पांघरूण. असा निकाल ज्याला इतक्या सहज देता येतो, त्याच्या वैराग्याविषयी मला थोडी शंका येते. असो.

आधी हे काम काय आहे ते समजून घेऊ. ज्याने कधी सुईत दोरा ओवला नाही त्याने वाकळेवर निकाल देऊ नये, असे माझे मत आहे. (आम्ही प्रवचन सांगणारे पुष्कळजण त्यात आलो.) देशावर वाकळ म्हणतात, इतरत्र गोधडी. नऊवारी लुगडे म्हणजे अठरा हात. त्याची चौपदरी घडी घातली की साडेचार हात लांबी मिळते आणि मोठा माणूस पाय पसरून निजू शकतो. हा हिशेब कुठल्या पोथीत नाही, बायकांच्या हातात आहे. घडीच्या पोटात आणखी जुनेर, धोतराचे तुकडे, फाटके पंचे पसरायचे, सुरकुत्या काढायच्या, लांब लांब कच्चे टाके घालून थर हलणार नाहीत असे करायचे. मग धावदोरा. काठापासून सुरुवात करून चारी बाजूंनी फिरत फिरत आत यायचे. टाका सगळ्या थरांतून खाली गेला पाहिजे आणि पुन्हा वर आला पाहिजे. नुसता वरवरचा टाका घातला तर पहिल्या धुण्यातच पोटातले जुनेर गोळा होऊन एका कोपऱ्यात जाऊन बसते, आणि मग निजणाऱ्याच्या पाठीला वाकळ नाही, गाठोडे लागते.

झाड शिवायचे म्हणजे याहून अवघड. एक तर रंग विकत आणायचा नाही. ज्या घरात हिरवे लुगडे फाटले नाही त्या घरच्या झाडाला हिरवे पान कुठून येणार? म्हणून या माउलीच्या पिंपळाची सगळी पाने हिरवी नाहीत. काही चोळीच्या खणाची आहेत, जांभळी, लाल काठाची; काही इरकली लुगड्याच्या पदराची; काही शाळेच्या निळ्या गणवेशाची. पिंपळाची कोवळी पालवी तांबूसच असते, तेव्हा लाल पान काही खोटे नाही. निळ्याचे मात्र काय सांगावे! खोड मळखाऊ धोतराचे आहे, आणि त्यावर खाकी विजारीच्या पट्ट्या, सालीसारख्या. फांद्या आधी बसवायच्या, पाने मागाहून. क्रम चुकला तर फांदी पानावरून गेलेली दिसते. पिंपळाच्या पानाला लांब शेपूट असते, आणि ते शेपूटच शिवणारीचा घाम काढते. कापड सुताला धरून सरळ कापले तर काठ उसवतो; तिरके कापले तर सूत कमी निघते, पण कापड ताणते आणि पान वाकडे होते. काठ आत मुडपावा तर टोकाशी एवढा गोळा होतो की पान पिंपळाचे न राहता वडाचे दिसू लागते. सुती चिंधी नखाने दाबली तरी ऐकते. पॉलिएस्टरच्या साडीची चिंधी मात्र ऐकत नाही, मुडपली की पुन्हा उठून उभी राहते. हल्ली घराघरात तीच साडी, त्यामुळे वाकळ शिवणाऱ्या बायकांची मोठी पंचाईत झाली आहे.

एवढे लक्ष जिथे लागते तिथे मन कुठे असते? टाका घालताना मन बाहेर गेले की सुई बोटात जाते, लगेच कळते. माळ ओढताना मन बाजारात जाऊन, दोन ओळखीच्यांशी बोलून परत येते आणि माळेला पत्ताही लागत नाही. तेव्हा चार महिन्यांत किती माळा झाल्या असत्या, हा हिशेब जरा जपून करावा. मात्र उलट टोकालाही जाऊ नये. प्रत्येक टाका म्हणजे एक नाम, असे काही लोक गोड करून सांगतात. तसे मी म्हणणार नाही. काही टाके नुसते टाके असतात, आणि तेवढे असले तरी त्यांत काही वाईट नाही. जनाबाईंच्या जात्यावर पांडुरंग दळू लागला म्हणतात. पण जनाबाईंनी दळणाचे पायलीमागे पुण्य मांडल्याचे कोणी ऐकले नाही.

आता पंधराव्या अध्यायाकडे येऊ. वर मूळ आणि खाली फांद्या असा हा अश्वत्थ. ‘श्व’ म्हणजे उद्या. उद्यापर्यंतही जो तसाच टिकत नाही तो अश्वत्थ, असा अर्थ आचार्यांनी लावला आणि माउलींनीही तो धरला. असंगाच्या शस्त्राने हा वृक्ष छेदावा, अशी देवांची आज्ञा आहे. गावच्या जाणत्याने येथपर्यंत ऐकले आणि तो उठून गेला असावा. पुढे माउली काय सांगतात? ते आधी झाडाचा विस्तार भरपूर वर्णन करतात. त्याची मुळे, त्याच्या डहाळ्या, त्याचे कोंभ, कुठली फांदी कुठे वळली, सारे इतक्या आवडीने दाखवतात की वाचणारा झाडाखाली जाऊन उभा राहतो. आणि मग हळूच सांगतात की बाबा रे, याला खरे मूळच नाही. जे नाहीच ते पाडायला कसली फौज आणि कसली कुऱ्हाड? अज्ञान आहे तोवर ते उभे आहे. कळले की तुटले. असा त्यांचा आशय आहे.

यातून दोन गोष्टी निघतात. तोडायचे आहे ते ‘मी’ आणि ‘माझे’ या समजुतीचे झाड, आणि ते धोतरात नाही, खणात नाही. वाकळ जाळली, पण ‘मी वाकळ जाळली, केवढा मी विरक्त’ हे मनात राहिले, तर झाड जागच्या जागी, आणि वर घरात एक पांघरूण कमी! दुसरी गोष्ट अशी की, झाड रंगवणे हाच जर मोह असता तर माउलींनी तो वृक्ष दोन ओव्यांत उरकला असता. खोटे आहे म्हणून सांगायचे ते झाडही त्यांनी मन लावून उभे केले. श्रोत्याने ते नीट पाहावे, पाहून ओळखावे, एवढ्यासाठी केले.

आणखी एक गोष्ट आळंदीला गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. माउलींनी शके १२१८ मध्ये, म्हणजे सन १२९६ मध्ये समाधी घेतली. पुढे जवळजवळ तीनशे वर्षांनी नाथमहाराजांना दृष्टान्त झाला: समाधीत माउलींच्या कंठाला अजानवृक्षाची मुळी लागली आहे, येऊन काढ. नाथ पैठणहून आळंदीला आले आणि त्यांनी ती मुळी दूर केली. शके १५०६ मध्ये, म्हणजे सन १५८४ मध्ये, त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. परंपरा या दोन गोष्टी एकाच सुतात ओवते. आता जरा विचार करा. झाड समोर होते. मुळी गुरूंच्या गुरूंच्या गळ्याला टोचत होती. रागावून सबंध झाड तोडायला कोणी हरकत घेतली नसती. नाथांनी मुळी काढली आणि झाड राहू दिले. आजही अजानवृक्षाच्या सावलीला माणसे ज्ञानेश्वरी उघडून बसतात.

म्हणून त्या माउलीला उलट विचारले, बाई, या झाडाची कुठली मुळी तुमच्या गळ्याला लागली आहे?

तिने एक पान सांगितले. पिवळे. तिचा पहिला मुलगा दोन वर्षांचा होऊन गेला, त्याला चाळीस वर्षे झाली. त्याचे झबले पेटीत होते. बाकीच्यांचे कपडे रीतीप्रमाणे देऊन टाकले. हे एक राहिले. झाड करायला घेतल्यावर तिने झबल्याचे एक पान कापले. झबल्याला कात्री लावली त्या दिवशी तिला जेवण गेले नाही. ते पान तिने एका फांदीच्या टोकाला टाचणीने लावले आहे. झाडाची बाकी सगळी पाने शिवून झाली. त्या एका पानात सुई घालवत नाही.

हा भाग कठीण आहे, आणि येथे घाईने शास्त्र काढू नये. मेलेल्याची वस्त्रे घरात ठेवू नयेत, देऊन टाकावीत, असा आपला रिवाज आहे. तो शहाणपणाचा आहे. गेलेल्या माणसाची वस्तू घरात राहिली की तिच्याभोवती मन गोळा होते, वाकळेच्या पोटातले जुनेर एका कोपऱ्यात जाते तसे. चाळीस वर्षे पेटीत असलेले झबले कोणाच्या अंगाला लागले नाही, कोणाचा गारठा त्याने घालवला नाही. ते फक्त होते. त्याला मोह म्हणायचे असेल तर म्हणा, मी वाद घालणार नाही. पण त्या झबल्याला तिने कात्री लावली, हे जाणत्याच्या ध्यानात आले नाही. पेटीचे झाकण उघडून, चाळीस वर्षे जपलेले वस्त्र पांघरुणात घालायला काढणे, हे असंगाच्या शस्त्राने केलेलेच काम आहे. ते शस्त्र तलवारच असले पाहिजे असे कुठे आहे? नामदेवराय शिंपी होते. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची जी पदे आहेत, त्यांतल्या एका पदात त्यांनी गज, कात्री, सुई, दोरा ही धंद्याची हत्यारे भजनाला लावली आहेत. शिंप्याच्या घरी कात्री आणि सुई एकाच डब्यात असतात. तलवार कापते आणि निघून जाते. शिंपी कापतो तो जोडण्यासाठी.

आणि दोरा कुठला? मी विचारले, तर तिने सांगितले, सासूच्या लुगड्याच्या काठातून सूत काढून तिने पाने शिवली आहेत. ही जुनी रीत आहे. बंगालमध्ये कांथा शिवणाऱ्या बायकाही जुन्या साड्यांच्या काठांचे सूत काढून तेच शिवायला वापरत आल्या आहेत. सातव्या अध्यायात माउलींनी सोन्याचे मणी सोन्याच्याच सुतात ओवल्याचा दृष्टान्त दिला आहे. सासूचा काठ, सासऱ्याचे धोतर, नातवाचा गणवेश, बाळाचे झबले. तुकडे वेगळे दिसतात खरे, पण सूत पाहू गेले तर सगळे कापसाचेच. ज्याला हे एकदा दिसले त्याला आपले पान कुठले आणि परके कुठले, हे विसरायला फार वेळ लागत नाही. दिसायला मात्र वेळ लागतो. ते सांगून होत नाही, आणि आईला तर मुळीच सांगू नये.

काही वाचक विचारतील, पांघरूणच करायचे तर चौकोन जोडून झाले नसते का? झाडाचा खटाटोप कशाला? ऊब तर तेवढीच. याला मी एवढेच म्हणेन की, ज्यांनी घरदार सोडले त्यांनीही हा खटाटोप केला आहे. बौद्ध भिक्षूंचे चीवर टाकून दिलेल्या चिंध्यांचे असे. बुद्धांनी मगधातली भाताची खाचरे पाहिली, बांधांनी आखलेली, आणि आनंदाला सांगितले की भिक्षूंची चीवरे अशा रचनेने शिवता येतील का पाहा. आनंदाने तशी शिवली. विरक्ताच्या चिंध्यांनाही रचना हवीशी वाटली. इकडे उत्तर कन्नडातले सिद्दी लोक जी गोधडी करतात तिच्या चारी कोपऱ्यांना कापडाच्या घड्या घालून त्रिकोणी ‘फुला’ लावतात, आणि फुलांशिवायची गोधडी त्या बायकांना नागवी वाटते. म्हणजे अंग झाकणारी वस्तूच उघडी राहिली, असे त्यांचे म्हणणे! ऊब मोजून पाहणाऱ्याला हे कळायचे नाही. गरिबाच्या घरात देखणी वस्तू बहुधा एकच असते आणि ती घरातल्याच माणसाने हाताने केलेली असते. तीही त्याने करू नये, हा उपदेश मला करवत नाही.

खरा धोका पुढे आहे, आणि तो तिने शंकेत विचारला नव्हता. बोलता बोलता निघाला. तिची मुलगी पुण्याला असते. ती म्हणते, आई, ही अंगावर घ्यायची नाही, आपण हिला चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावू. हल्ली अशा वाकळा भिंतीवर टांगतात, प्रदर्शनांत मांडतात, चांगल्या मोलाने विकल्याही जातात. विकण्यात पाप नाही. सावतोबांचा मळा होता, गोरोबा मडकी घडवून पोट भरत. हाताच्या कामाचे दाम बाईच्या हातात पडले तर चांगलेच आहे. पण भिंतीवर गेल्यावर झाडाचे काय होते पाहा. भिंतीवर त्याला वर आणि खाली कायमचे ठरते. अंथरुणावर तसे नसते. ज्या बाजूला उशी ती वर. शेंडा उशीकडे ठेवून वाकळ अंगावर घेतली की निजणाऱ्याला पायाकडे मूळ दिसते, म्हणजे नजरेला मूळ वर आणि फांद्या खाली. उगाच उपमा ताणत नाही, घरी करून पाहा. झाड पाहायचे तर निजून पाहावे लागते, आणि निजणाऱ्याला ते पांघरूणही होते. भिंतीवर ते फक्त पाहणाऱ्याचे उरते, आणि पाहणारा ‘वा!’ म्हणाला की करणारीच्या मनात एक नवी मुळी फुटते.

तरी भिंतीवर लावूच नका असा माझा हट्ट नाही. मुलीचे मन मोडू नये. मात्र नाथांची कावड आठवावी. काशीची गंगा रामेश्वराला घालायची म्हणून एवढ्या लांबून खांद्यावर आणली, आणि वाटेत तापलेल्या वाळूत तडफडणारे गाढव दिसताच ती त्याच्या तोंडात ओतली. बरोबरच्यांना वाटले, यात्रा फुकट गेली. नाथांना वाटले, रामेश्वर इथेच भेटला. पाणी देवासाठीच होते. देव वेगळ्या रूपात आला एवढेच. वाकळेचेही तसेच आहे. मार्गशीर्षाची रात्र आहे, दाराशी कोणी कुडकुडत आले आहे, घरातली बाकीची पांघरुणे निजलेल्यांच्या अंगावर आहेत. त्या वेळी झाड काचेआड चौकटीत खिळलेले असले तर पंचाईत. तेव्हा लावायचीच असेल तर काच नको, चौकट नको. काठाला दोन नाड्या शिवाव्यात आणि खुंटीला अडकवावी, म्हणजे एका हाताने काढता येते.

राहिले ते पिवळे पान. त्या माउलीला मी हे सांगितले, आणि अशीच एखादी चिंधी ज्या घरात असेल त्यांच्यासाठी येथे लिहितो. पान शिवण्याची घाई करू नये. टाचणीवर आहे तोवर मात्र वाकळ पोराबाळांच्या अंगावर घालू नये, टोचेल. एखाद्या एकादशीला, घरात कोणी नसताना, सुई हातात घ्यावी. हात गेला तर शिवावे, सासूच्या काठाच्याच सुताने, इतर पानांना घातला तसाच टाका घालावा. त्याला वेगळा टाका नको, वेगळा रंग नको. हात गेला नाही तर टाचणी काढून ते पान थरांच्या मध्ये सरकवावे आणि वरून धावदोरा न्यावा. तेथेही ते झाडातच आहे. मग वाकळ वापरायला काढावी. नवरात्राआधी घरातल्या इतर वाकळांबरोबर ओढ्यावर धुवावी, दगडावर फार आपटू नये, कारण शेपट्या उसवतील. उसवल्या तर पुन्हा घालाव्यात. विरली की ठिगळ लावावे. आणि अगदीच विरली म्हणजे आपल्याकडे जसे करतात तसे करावे: नव्या वाकळेच्या पोटात घालावी.